मेंदूतला नजरेचा नकाशा आणि माझी अर्धशिशी

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. बारावीचे प्रिलिमचे पेपर तपासत बसले होते, रात्रीचे साडेदहा वगैरे झाले असतील, आणि मार्कांची बेरीज करताना ४७ मधला ७ दिसेना. म्हणजे ४ कडे बघितलं की त्याच्या उजवीकडचा ७ गायब. तिथे काळा डाग नाही, धूसर नाही, तिथे काहीच नाही. चष्मा पुसला, डोळे धुऊन आले, परत बसले, तर आता त्या रिकाम्या जागेच्या कडेने करवतीच्या दातांसारखी एक चमचमती रेघ दिसायला लागली, अर्धवर्तुळासारखी, आणि ती हळूहळू उजवीकडे सरकत मोठी मोठी होत चालली होती.

घाबरले तर होतेच. पण बायॉलॉजी शिकवते म्हणून असेल, हात आपोआप डाव्या डोळ्यावर गेला. डावा डोळा झाकला, रेघ तिथेच. उजवा झाकला, तरी रेघ तिथेच, उजवीकडेच. दोन्ही डोळे मिटून घेतले तर अंधारातही ती चमचमतेय. वीस-पंचवीस मिनिटांनी ती नजरेच्या उजव्या कडेवरून निघून गेली आणि मग डोक्याची डावी बाजू जी ठणकायला लागली ती सकाळपर्यंत.

आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डोळे एकदम ठीक निघाले. त्यांनीच न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं आणि तिथे कळलं की ही अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, आणि दुखण्याच्या आधी जे दिसलं त्याला ऑरा म्हणतात. (असं कुणाला पहिल्यांदाच झालं तर घरी बसून अंदाज बांधू नका, लगेच डॉक्टर गाठा, कारण पक्षाघातात किंवा डोळ्याचा पडदा सुटला तरी नजरेत असे बिघाड होतात आणि तिथे वेळ फार मोलाचा असतो.)

डोळे ठीक आहेत म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच प्रश्न राहिला, की मग ती रेघ सरकत होती ती नक्की कुठे? याचं उत्तर शोधताना जे वाचलं ते इतकं सुंदर आहे की तेव्हापासून दर वर्षी वर्गात सांगते, आणि आज इथे लिहितेय. थोडक्यात उत्तर असं: माझ्या डोक्याच्या मागच्या भागात, मेंदूच्या पृष्ठभागावर, समोरच्या जगाचा एक नकाशा आहे, आणि त्या रात्री त्या नकाशावरून काहीतरी चालत गेलं. मला दिसली ती त्या चालण्याची वाट.

आता सुरुवातीपासून. डोळ्याच्या मागच्या बाजूला पडदा असतो, रेटिना, त्याच्यावर बाहेरच्या दृश्याची उलटी प्रतिमा पडते हे शाळेत शिकलेलं सगळ्यांना आठवत असेल. त्या पडद्यावरून निघणाऱ्या नसेत साधारण दहा लाख तंतू असतात. इथेच बहुतेकांचा एक गैरसमज असतो, माझे विद्यार्थी तर दर वर्षी पेपरात लिहितात, की उजव्या डोळ्याची नस डाव्या मेंदूत जाते आणि डाव्याची उजव्या. तसं नाहीये. माकडं, एप आणि आपण, म्हणजे प्रायमेट मंडळी, यांच्यात प्रत्येक डोळ्यातले जवळपास निम्मेच तंतू वाटेत बाजू बदलतात, नाकाकडच्या अर्ध्या पडद्यातून आलेले, आणि कानाकडच्या अर्ध्यातले सरळ आपल्याच बाजूला जातात. याचा परिणाम काय होतो? तुम्ही जिथे बघताय तिथून एक उभी रेष काढा, त्या रेषेच्या उजवीकडचं सगळं जग, दोन्ही डोळ्यांनी बघितलेलं, डाव्या मेंदूत जातं आणि डावीकडचं सगळं उजव्या मेंदूत. मेंदूसाठी वाटणी डोळ्यांची नाही, जगाची आहे. म्हणून तर मी कुठलाही डोळा झाकला तरी रेघ हलली नाही, बिघाड डाव्या मेंदूत होता आणि तिथे दोन्ही डोळ्यांचं उजवं जग एकत्र येतं.

वाटेत एक स्टेशन लागतं, मेंदूच्या आत खोलवर असलेल्या थॅलॅमस नावाच्या भागात, तिथे पेशींचे सहा थर असतात, पापडांच्या चळतीसारखे. प्रत्येक थराला एकाच डोळ्याची माहिती मिळते, पण सहाही थर असे एकावर एक बसवलेले असतात की वरून सुई टोचली तर सहाही ठिकाणी ती जगातल्या त्याच जागेच्या पेशींमधून जाईल. म्हणजे नकाशा इथेच तयार आहे. पुढे तो मेंदूच्या मागच्या टोकाला जातो. डोक्याच्या मागे मानेच्या वर हाताला एक उंचवटा लागतो ना, त्याच्या आतल्या बाजूला साधारण. त्या भागाला प्रायमरी व्हिज्युअल कॉर्टेक्स म्हणतात, शास्त्रज्ञ नुसतं व्ही-वन म्हणतात, मीही तेच म्हणते. मेंदूची वरची साल चुरगळलेल्या रुमालासारखी घड्या घातलेली असते, त्यातला व्ही-वनचा तुकडा सपाट केला तर प्रत्येक बाजूला साधारण एटीएम कार्डाच्या निम्म्याएवढा भरतो, आणि जाडी दोनच मिलिमीटर. माणसामाणसात या आकारात दुपटीहून जास्त फरक असू शकतो. हा तुकडा कापला की त्यात एक पांढरी रेष नुसत्या डोळ्यांनी दिसते, ती १७७६ साली इटलीतल्या पार्मा शहरात फ्रांचेस्को जेन्नारी नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने पहिल्यांदा पाहिली. विद्यार्थ्याने. मला हे वर्गात सांगायला फार आवडतं. ती रेष कशाची हे मात्र त्याला कळायचा काहीच मार्ग नव्हता.

तर नकाशा. नकाशा म्हणजे काय, तर शेजार टिकतो. जगात जे दोन बिंदू एकमेकांच्या शेजारी दिसतात त्यांच्या पेशी मेंदूतही शेजारी शेजारी असतात. नजरेचा वरचा भाग तिथल्या एका खोल खाचेच्या खालच्या काठावर मांडलेला, खालचा भाग वरच्या काठावर, म्हणजे उलटा. नजरेचा अगदी मध्य डोक्याच्या सगळ्यात मागच्या टोकाशी, आणि जसजसं तुम्ही नजरेच्या कडेकडे जाल तसतसं खाचेत आत आत, मेंदूच्या मध्याकडे.

पण हा नकाशा सरकारी नकाशासारखा प्रमाणात काढलेला नाही. समजा पुण्याचा नकाशा काढायचाय आणि कुणीतरी अर्धा कागद नुसत्या शनिवार, नारायण आणि सदाशिव पेठेला दिला, प्रत्येक वाडा, प्रत्येक बोळ, प्रत्येक पायरी दाखवली, आणि उरलेल्या अर्ध्या कागदात कोथरूड, हडपसर, हिंजवडी, चाकणपर्यंत सगळं कोंबलं. मेंदूने हेच केलंय. फोन डोळ्यांपासून ३० सेंटीमीटरवर धरा, एका अक्षराकडे बघा आणि त्याच्याभोवती साधारण दहा सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ मनात काढा, छोट्या बशीएवढं. दोन्ही बाजूंच्या व्ही-वनचा निम्म्याहून थोडा जास्त भाग त्या बशीएवढ्या जागेसाठी राखलेला आहे. बाकीची खोली, खिडकी, दार, कडेने जाणारी मांजर, हे सगळं उरलेल्या निम्म्यात.

खरं वाटत नसेल तर आत्ता करून बघा. या ओळीतल्या एका शब्दावर नजर रोखा आणि नजर अजिबात न हलवता चार ओळी खालचा शब्द वाचायचा प्रयत्न करा. तिथे काहीतरी लिहिलंय हे कळतं, अक्षरं काही सुटी होत नाहीत. आपल्याला वाटतं की समोरचं सगळं एकसारखं स्पष्ट दिसतंय, तसं ते कधीच दिसत नसतं, आपण सेकंदाला साधारण तीनदा डोळे उडवून जगाचा एकेक तुकडा त्या मधल्या बशीत आणत असतो आणि ते इतकं सवयीचं झालंय की लक्षातच येत नाही. पडद्याच्या मध्याला जो खळगा असतो, फोव्हिया, तिथे पेशी फार दाट असतात. सस्तन प्राण्यांमध्ये असा खरा फोव्हिया फक्त माकडं, एप, माणूस आणि टार्सियर नावाचा एक छोटा प्राणी यांनाच असतो, मांजराकुत्र्यांना नाही. त्या दाट पेशींना मेंदूत जागाही तितकीच मोठी लागते, उलट पेशींच्या हिशोबापेक्षाही जास्तच मिळते.

आता हे कळलं कसं, ही यातली सगळ्यात दुःखाची गोष्ट आहे आणि मला ती टाळून पुढे जाववत नाही.

१९०४-०५ मध्ये रशिया आणि जपानचं युद्ध झालं. त्याआधीच्या लढायांमधल्या बंदुकांच्या गोळ्या मोठ्या आणि संथ, डोक्यात लागली की कवटीचा चुरा, माणूस जागीच संपायचा. रशियाच्या नव्या रायफलीची गोळी लहान, साडेसात मिलिमीटरच्या आसपास, आणि वेग प्रचंड, त्यामुळे ती डोक्यात एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडायची आणि कितीतरी सैनिक जगायचे. जगायचे, पण नजरेचा एखादा तुकडा कायमचा गेलेला असायचा. तात्सुजी इनोउये नावाच्या तरुण जपानी नेत्रतज्ज्ञाकडे काम आलं की या सैनिकांची नजर किती गेली ते मोजायचं, म्हणजे पेन्शन ठरवता येईल. कारकुनी काम होतं म्हणा ना. पण त्याच्या लक्षात आलं की गोळी आत गेल्याची खूण आणि बाहेर पडल्याची खूण या दोन्ही ठाऊक असतील तर मधली रेष सरळ असणार, आणि ती रेष मेंदूच्या कुठल्या भागातून गेली हे हिशोबाने काढता येईल. त्यासाठी त्याने डोक्यावर बसवायचं एक खास मोजमापाचं यंत्र बनवलं.

दुसऱ्या बाजूला नजरेची तपासणी. तुमच्या घरात कुणाला काचबिंदू असेल तर ही टेस्ट तुम्ही बघितली असेल, एका ठिपक्याकडे एकटक बघायचं आणि आजूबाजूला दिवा दिसला की बटण दाबायचं, तिला फील्ड टेस्ट म्हणतात. तेव्हा यंत्र साधं होतं पण तत्त्व तेच. इनोउयेने २९ सैनिकांच्या डोक्यातल्या गोळीच्या वाटा आणि त्यांच्या नजरेतली भोकं एकमेकांवर ठेवून बघितली आणि माणसाच्या मेंदूतला नजरेचा पहिला नीट नकाशा काढला, १९०९ साली तो जर्मन भाषेत छापला. मध्य मागच्या टोकाला, कडा आत, आणि मध्याला जागा जास्त, हे सगळं त्याच्या नकाशात आहे. त्याच्या आधी सालोमोन हेन्शेन या स्वीडनच्या डॉक्टरने दृष्टीची जागा त्या खाचेत आहे हे बरोबर ओळखलं होतं, पण मध्य पुढे आणि कडा मागे असं उलटं मांडलं होतं. २९ जखमी माणसांनी ती चूक सुधारली.

पुढे पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स हा ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्ट फ्रान्समधल्या लष्करी हॉस्पिटलात हेच करत होता. ब्रिटिश सैनिकांचं लोखंडी हेल्मेट उथळ तव्यासारखं, डोक्याचा मागचा भाग उघडाच राहायचा, आणि व्ही-वन नेमकं तिथे. होम्सने खूप जखमी तपासले, विल्यम लिस्टरबरोबर १९१६ मध्ये आणि मग १९१८ मध्ये त्याचा नकाशा आला आणि तो सत्तर-एक वर्षं डॉक्टरांच्या पुस्तकांत होता. १९९१ मध्ये हॉर्टन आणि हॉइट या दोघांनी एमआरआय वापरून तो परत तपासला तेव्हा कळलं की होम्सने मध्याला दिलेली जागाही कमीच होती. वर मी ‘निम्म्याहून थोडा जास्त’ म्हटलं ते त्यांचं.

जखमेवरून नकाशा काढायचा म्हणजे पूर आल्यावर नदी कुठून वाहते ते ठरवण्यासारखं. धडधाकट मेंदूत तो उघड्या डोळ्यांनी बघायचा तर माकडं लागली. माथेरानला हातातली पिशवी ओढून नेणारी लाल तोंडाची माकडं ज्या मकाक कुळातली, त्याच कुळातली माकडं जगभरच्या प्रयोगशाळांत असतात, कारण त्यांचं व्ही-वन आपल्यासारखंच मांडलेलं असतं. १९८२ मध्ये अमेरिकेत टूटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. भूल दिलेल्या माकडासमोर एक लुकलुकणारी आकृती ठेवली, एकात एक वर्तुळं आणि मधून निघालेले आरे, बैलगाडीच्या चाकासारखी. त्याआधी माकडाच्या रक्तात किरणोत्सारी साखरेसारखा एक पदार्थ सोडलेला. जी पेशी काम करते ती साखर ओढते, आणि ही खोटी साखर आत जाते पण तिथून पुढे जळत नाही, तिथेच अडकून राहते. मग मेंदूचा तो भाग काढून सपाट केला, फोटोच्या फिल्मवर ठेवला, आणि फिल्मवर ते चाक उमटलं.

पण चाकासारखं नाही. वर्तुळं जवळजवळ सरळ पट्ट्या झाली होती, एकमेकींपासून सारख्या अंतरावर, आणि आरे त्यांना आडवे छेदून जाणाऱ्या रेषा. आता गंमत बघा, मूळ आकृतीत वर्तुळांमधलं अंतर सारखं नव्हतंच, बाहेर जाताना ते वाढत जात होतं. मेंदूने ते समान करून टाकलं. ज्यांना लॉगॅरिदम आठवत असेल त्यांना लगेच कळेल, बाकीच्यांसाठी असं, की हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखाची रुंदी नजरेत साधारण दीड-दोन अंश भरते. मध्यापासून १ ते २ अंश, २ ते ४ अंश, ४ ते ८ अंश, या तीनही पट्ट्यांना मेंदूत साधारण सारखीच जागा मिळते. बाहेर दुप्पट गेलात की आत एक पाऊल. तो फोटो मी पहिल्यांदा बघितला तेव्हा बराच वेळ बघत बसले होते. त्या माकडाने जे शेवटचं बघितलं ते त्याच्या मेंदूवर उमटलेलं आहे. त्यासाठी त्याचा जीव गेला हेही मी वर्गात सांगते, मुलं गप्प होतात, व्हायलाच हवीत. आता हेच काम जिवंत माणसाला एमआरआयच्या नळीत झोपवून, फिरणारी पाचर आणि मोठं होत जाणारं वर्तुळ दाखवून, कुठेही न कापता होतं, १९९० च्या दशकापासून.

इथे वर्गात हमखास एक जण विचारतो, की मॅडम नकाशा उलटा आहे, ताणलेला आहे, मग आपल्याला जग सरळ कसं दिसतं, तो नकाशा सरळ कोण करतं? कुणीच नाही. आत बसून नकाशा बघणारा कुणी छोटा माणूस नाहीये, असता तर त्याच्या डोक्यात परत नकाशा लागला असता. ‘वर’ म्हणजे काय, तर त्या पेशी जाग्या झाल्या की डोळे वर वळतात, हात वर जातो. जोडण्या बरोबर असल्या की झालं, कागद कसाही धरा. उलट जोडण्या चुकल्या तर काय होतं हे रॉजर स्पेरीने १९४० च्या दशकात दाखवलं, बेडकासारख्या प्राण्यांचे डोळे १८० अंशात फिरवून. नस कापलेली असली तरी तंतू वाढून आपापल्या जुन्याच जागी परत गेले, आणि वर माशी दिसली की तो प्राणी खाली झेपावायला लागला, कायमचा, शिकून सुधारलाच नाही. म्हणजे या नकाशाचा कच्चा आराखडा जन्माच्या आधीच रसायनांच्या खुणांनी आखलेला असतो. स्पेरीला १९८१ चं नोबेल मिळालं, डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांच्यासोबत, आणि त्या दोघांनी याच व्ही-वनमध्ये शोधून काढलं होतं की तिथल्या पेशी नुसत्या ठिपक्यावर फारशा जागत नाहीत, त्यांना रेघ लागते, कुणाला उभी, कुणाला आडवी, कुणाला तिरकी. नकाशावरच्या प्रत्येक जागी सगळ्या दिशांच्या पेशींचा एक संच असतो. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मग नकाशा ठेवायचाच कशाला? शेजार. कड ओळखायची, हालचाल ओळखायची, तर शेजारच्या बिंदूशी तुलना करावी लागते, आणि ज्यांना सारखं एकमेकांशी बोलायचंय त्यांना जवळ बसवलं की तारा कमी लागतात. मला तरी हे कारण पटतं.

आणि नकाशा एकच नाही. व्ही-वनच्या सीमेला लागून व्ही-टू, तो आरशातल्या प्रतिमेसारखा पलटलेला, मग व्ही-थ्री, व्ही-फोर, मकाक माकडात दृष्टीची कामं करणारे तीसच्या वर भाग मोजलेत. काहींचं मुख्य काम रंगाशी, काहींचं हालचालीशी. १९८३ मध्ये जर्मनीतल्या एका बाईंची नोंद छापून आली, मेंदूतला हालचालीचा भाग दोन्ही बाजूंनी गेलेला, बाकी नजर ठीक. कपात चहा ओतताना त्यांना चहाची धार गोठल्यासारखी दिसायची आणि कप कधी भरला ते कळायचंच नाही. रस्ता ओलांडताना गाडी आधी लांब आणि मग एकदम अंगावर. एकेका नकाशाचं काम त्यांच्या त्या कपात दिसतं.

नकाशा खरा आहे याचा मला सगळ्यात भावलेला पुरावा मात्र १९६८ चा आहे. इंग्लंडमध्ये ब्रिंडली आणि लेविन यांनी दृष्टी गेलेल्या ५२ वर्षांच्या एका बाईंच्या व्ही-वनवर ८० इलेक्ट्रोड बसवले. एका इलेक्ट्रोडमधून बारीक करंट सोडला की बाईंना प्रकाशाचा ठिपका दिसायचा, दरवेळी ठरलेल्या जागी, दुसऱ्या इलेक्ट्रोडला दुसऱ्या जागी, अगदी नकाशाप्रमाणे. डोळे हलवले की ठिपकेही बरोबर हलायचे. डोळे कामातून गेले होते, नकाशा शाबूत होता. २०२० मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका गटाने माकडांमध्ये १०२४ इलेक्ट्रोड वापरून त्यांना अक्षरांचे आकार ओळखायला लावले. अंध माणसाला या वाटेने थोडंफार दिसायला लागावं म्हणून ही मंडळी वर्षानुवर्षं खपतायत आणि त्यातली प्रत्येक बातमी मी जीव लावून वाचते.

आता माझ्या रेघेकडे येते. अशा रेघेची चित्रं १८७० मध्येच ह्यूबर्ट एअरी या इंग्रज डॉक्टरने छापली होती, स्वतःला दिसलेली, ती हळूहळू कशी वाढते त्याच्या पायऱ्यांसकट. त्याला ती युरोपातल्या जुन्या शहरांच्या टोकदार कोनांच्या तटबंदीसारखी वाटली (आपल्याकडच्या किल्ल्यांचे गोल बुरूज डोळ्यासमोर आणू नका, ते नाहीत). मग १९४१ मध्ये कार्ल लॅशली हा मानसशास्त्रज्ञ, त्यालाही हाच त्रास, त्याने कागदावर रेघ कुठवर आली ते वेळ लिहून टिपलं आणि हिशोब केला की मेंदूवर हे जे काही सरकतंय ते मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने जात असणार. फक्त ३ मिलिमीटर, मुंगीसुद्धा किती पुढे निघून जाईल. तीन वर्षांनी ब्राझीलच्या लेआओंना सशाच्या मेंदूत अशीच मंद लाट सापडली, आधी पेशींचा भडका आणि त्याच्यामागे सामसूम. भडका म्हणजे चमचमती रेघ, सामसूम म्हणजे माझा हरवलेला ७. आणि रेघ करवतीसारखी का? भडकलेल्या पेशी रेघा ओळखणाऱ्या असतात, वेगवेगळ्या दिशांच्या, म्हणून तुकड्यातुकड्याच्या तिरक्या रेघा दिसतात असं मानलं जातं. २००१ मध्ये ऑरा चालू असतानाच एमआरआय करून ही लाट माणसात बघितली गेली, वेग मिनिटाला साडेतीन मिलिमीटरच्या आसपास निघाला.

लाटेचा वेग मेंदूवर सारखा धरला तर नकाशा ताणलेला असल्यामुळे एक मजेशीर गोष्ट व्हायला हवी. हॉर्टन आणि हॉइटच्या आकड्यांनी मी हिशोब मांडला. मध्यापासून पहिला एक अंश पार करायला जवळपास ५ मिनिटं. पुढे १ पासून ५ अंशांपर्यंत ७ मिनिटं. आणि ५ पासून २० अंशांपर्यंत, म्हणजे पंधरा अंश, परत ७ च मिनिटं. सुरुवातीला रेघ रेंगाळणार आणि कडेला जाताना पळत सुटणार.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी दुपारी परत अक्षरं गायब व्हायला लागली. या वेळी तयारी होती. ए-फोर कागद आडवा धरून टेबलावर भिंतीला टेकवून ठेवला, मधोमध पेनाने ठिपका, पट्टीने ३० सेंटीमीटर मोजून खुर्ची सरकवली, मुलीला फोनमधलं घड्याळ बघून दर दोन मिनिटांनी आवाज द्यायला सांगितलं, आणि ठिपक्यावरून नजर न हलवता दरवेळी रेघेची बाहेरची कड हाताच्या अंदाजाने कागदावर काढत गेले. ६ व्या मिनिटाला कड ठिपक्यापासून जेमतेम एक सेंटीमीटर, १२ व्याला तीन, आणि मग ती जी सुटली, २० व्या मिनिटाला अकरा सेंटीमीटरच्या पुढे, आणि त्यानंतर कागद संपला. शेवटची दोन अर्धवर्तुळं वेडीवाकडी आहेत कारण तोवर कपाळ भरून आलं होतं. मुलीने गोळी आणून दिली, पडदे ओढले.

तो कागद मी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून वर्गात नेते. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, मॅडम, सगळी अर्धवर्तुळं ठिपक्याच्या उजवीकडेच का, एकही डावीकडे का नाही गेलं? मी फळ्यावर मेंदूचे दोन अर्धे भाग काढले, मधली फट काढली, आणि ती लाट साल धरून शेजारून शेजारी सरकते, फटीपलीकडे उडी मारत नाही, एवढं सांगितलं. ती फळ्याकडे बघत राहिली, मग कागद पुढे घेतला आणि ठिपक्यातून वरपासून खालपर्यंत पेन्सिलने एक उभी रेष काढली. माझी सगळी अर्धवर्तुळं त्या रेषेशी येऊन थांबली होती.